काल रात्री कोण मेलं?

मुलगी झोपताना गोष्ट वाचून दाखव म्हणायची तेव्हा मी हॅरी पॉटर वाचायला घेतला, आणि चौथ्याच दिवशी तिने मला नोकरीवरून काढलं. कारण काय तर "बाबा, तुझे सगळे लोक सारखेच बोलतात." आता हे खरंय की माझ्याकडे दोनच आवाज आहेत, एक नेहमीचा आणि एक सर्दी झालेला, त्यामुळे हॅग्रिड, स्नेप आणि बोलणारी टोपी तिघांनाही सर्दी झालेली होती. मग आमच्या घरात ऑडिओबुक आलं. जिम डेल नावाचा माणूस वाचतो, एकट्या पाचव्या पुस्तकात त्याने १३४ वेगवेगळे आवाज काढलेत आणि त्याबद्दल गिनेस रेकॉर्डही मिळालाय. १३४ विरुद्ध २, आता काय बोलणार! तरी मी माझ्या बाजूने एक पुरावा दिला, की ब्रिटिश आवृत्ती वाचणारा स्टीफन फ्राय स्वतः सांगतो, त्याला 'हॅरी पॉकेटेड इट' हे तीन शब्द काही केल्या नीट म्हणता येईनात, म्हणून त्याने लेखिका रोलिंगबाईंना फोन करून वाक्य बदलू का विचारलं तर त्या नाही म्हणाल्या, आणि पुढच्या पुस्तकांत ते वाक्य हमखास यायला लागलं. मुलगी म्हणाली, "पण त्याला सर्दी नव्हती ना."

तर ती सातही पुस्तकं ऐकून मोकळी झाली आणि व्यसन लागलं मला. ऑफिसात कोणी विचारलं काय ऐकतोस रे तर मी 'पॉडकास्ट' म्हणतो आणि चेहरा असा करतो की समोरच्याला वाटावं काहीतरी शेअर बाजाराचं असेल. भांडी घासताना ऐकतो, कपडे वाळत घालताना ऐकतो, बायको म्हणते हा माणूस हल्ली न सांगता कामं करतो, ती कारण विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

इथवर सुख आहे. खरा छळ रात्री. छापील पुस्तक कसं, झोप लागली की नाकावर पडतं, जाग येते, पान दुमडायचं आणि दिवा बंद. ऑडिओबुक नाकावर पडत नाही. ते वाचतच राहतं, तुम्ही असा नसा. स्लीप टायमर असतो, मान्य, पण १५ मिनिटांचा लावला तर ऐन रंगात बंद पडतो आणि चॅप्टर संपेपर्यंत असा लावला तर पाचव्या पुस्तकाचा एक चॅप्टर साधारण पाऊण तासाचा, त्यातली पहिली आठ मिनिटं माझी आणि उरलेली उशीची. मग दुसऱ्या दिवशी शोधाशोध. आपण नक्की कुठे झोपलो हे झोपलेल्या माणसाला कसं कळणार? ३० सेकंद मागे जायचं बटण दाबून दाबून अंगठा दुखतो, म्हणून खालची पट्टी सरकवायला जावं तर २६ तासांहून मोठं पुस्तक माझ्या फोनच्या सात सेंटीमीटरच्या पट्टीवर बसवलेलं, म्हणजे एका सेंटीमीटरला जवळजवळ पावणेचार तास! माझा अंगठा नुसता टेकला तरी हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेतली अख्खी टर्म झाकली जाते. आणि अंधारात चुकून भलतीकडे टेकला की संपलं.

गेल्या आठवड्यात तर टायमर लावायलाच विसरलो. सव्वा अकराला झोपलो तेव्हा ते वीझलीकडचे जुळे भाऊ शाळेतल्या त्या छळवादी अंब्रिजबाईच्या नाकावर टिच्चून झाडूवर बसून उडून गेले होते, हे पक्कं आठवतंय कारण मी अंधारात टाळी वाजवली आणि बायकोने कूस बदलली. पहाटे पाचला जाग आली तर कानात हॅरी हेडमास्तर डम्बलडोरच्या ऑफिसातल्या वस्तू फोडतोय. मला वाटलं याला काय झालं, कालपर्यंत बरा होता. सकाळी मुलीला तेवढा तुकडा ऐकवला आणि विचारलं हे कुठलं गं. तिने एकच वाक्य ऐकलं. "सदतिसावा चॅप्टर. बाबा, तू एवढा पुढे गेलास? मग तो मेला तेव्हा रडलास का?"

"कोण मेला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की अंब्रिजबाई परवडली. मग हळूच नाव सांगितलं. म्हणजे मला त्या अख्ख्या पुस्तकात जो सगळ्यात आवडायचा तो माझ्या कानात मेला आणि मी तेव्हा घोरत होतो.

त्या रात्री ठरवलं, निदान त्याच्यासाठी एकदा जागं राहायचं. पलंग नकोच, लाकडी खुर्ची घेतली, ताठ बसलो, पस्तिसावा चॅप्टर लावला. जाग आली तेव्हा मान धरली होती आणि जिम डेल कॉपीराइट कोणाचा ते वाचून दाखवत होता.