कोलेन्झोला वगळून सांगितलेला झुलूंचा इतिहास

‘भोळ्या झुलूंना मिशनऱ्यांनी बघता बघता बाटवलं, बायका सोडायला लावून त्यांची घरं मोडली, आणि हे सगळे पाद्री इंग्रज सरकारचे हेर होते’ असा मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात बिशप कोलेन्झोचा पत्ताच नाही. एकेक मुद्दा घेऊ.

बघता बघता? नॉर्वेचा मिशनरी हान्स श्रॉयडर १८४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. झुलूंचा राजा म्पांडे याने त्याच्याकडून औषधपाणी घेतलं, राहायला जागाही दिली. पण नॉर्वेजियन मिशनला पहिला झुलू ख्रिस्ती मिळाला १८५८ मध्ये!

भोळे म्हणाल, तर विल्यम न्गिडीचं बघा. झुलूंच्या मुलखाला लागून असलेल्या नाताळ या इंग्रज वसाहतीचा बिशप जॉन कोलेन्झो त्याच्या मदतीने बायबल झुलूत आणत होता. नोहाच्या प्रलयाची गोष्ट आली तेव्हा न्गिडीने विचारलं: थंड-उष्ण मुलखांतले सगळे प्राणी जोडीजोडीने नोहाच्या नावेत आले, हे खरंच मानता? आणि वाघ-सिंहांना खायला काय घातलं? कोलेन्झो मूळचा गणिती, शाळांत चालणाऱ्या अंकगणिताच्या पुस्तकांचा लेखक. देवाच्या नावाने खोटं बोलणं त्याला जमेना. त्याने बायबलच्या जुन्या करारातले आकडे तपासले आणि १८६२ पासून निष्कर्ष छापायला सुरुवात केली. केपटाऊनच्या बिशपने त्याला पाखंडी ठरवून पदावरून काढलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निर्णय रद्दबातल केला.

बायकांचा मुद्दा (ख्रिस्ती व्हायचं तर एकच बायको ठेवा, बाकीच्या सोडा) बऱ्याच मिशनऱ्यांना लागू आहे, कोलेन्झोला नाही. बाप्तिस्म्यासाठी बायका-मुलांना उघड्यावर टाकणं हाच अन्याय, असं तो लिहीत होता.

आता हेर. रॉबर्ट रॉबर्टसनसारखे मिशनरी झुलूंवर स्वारी व्हावी याच मताचे होते, हे कबूल. डिसेंबर १८७८ मध्ये राजा सेत्श्वायोला जो निर्वाणीचा खलिता गेला, त्यात मिशनऱ्यांना परत येऊ द्या अशीही अट होती. तो धाडणारा दक्षिण आफ्रिकेतला इंग्रज हाय कमिशनर बार्टल फ्रेअर आपल्याला परका नाही: सातारा खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर.

पण त्याआधीच, १८७३ मध्ये, नाताळमधल्या ह्लुबी टोळीचा प्रमुख लांगालिबालेले बंदुकांच्या नोंदणीवरून सरकारच्या रोषाला पात्र ठरला. खटल्यात त्याला वकील मिळाला नाही, आणि न्यायासनावर खुद्द गव्हर्नर. टोळीने आपल्याला नागवं करून अपमान केला, अशी सरकारी निरोप्याची साक्ष होती. कोलेन्झोने साक्षीदार गाठून दाखवून दिलं की फक्त कोट उतरवायला लावले होते. प्रकरण घेऊन तो लंडनला गेला, गव्हर्नरला माघारी बोलावलं गेलं. नाताळमधला त्याचा जुना दोस्त, सरकारी अधिकारी शेपस्टन, कायमचा दुरावला. हेरगिरीचा हा प्रकार सरकारला चांगलाच महागात पडला म्हणायचा.

फ्रेअरच्या खलित्यानंतर स्वारी झालीच. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वाना इथे झुलूंनी इंग्रज फौजेची तेराशेच्या आसपास माणसं कापली. वसाहत सुडाने पेटलेली असताना, १२ मार्चला नाताळची राजधानी पीटरमारित्झबर्गच्या चर्चमध्ये कोलेन्झोने गोऱ्या श्रोत्यांनाच विचारलं: झुलूंशी वागताना आपण न्याय कुठे केला, दया कुठे दाखवली?

साम्राज्य मोडावं असं मात्र त्याला कधी वाटलं नाही. ब्रिटिश राज्य न्यायाने चालावं एवढाच त्याचा आग्रह. त्यावरून त्याला जरूर झोडा. १८८३ मध्ये तो वारला, आणि पुढे सेत्श्वायोच्या मुलाची, दिनुझुलूची, बाजू लढवली ती कोलेन्झोच्याच मुलीने, हॅरिएटने.