‘फराळ उशिरा, वर सामानाची चोरी’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

टोरांटोला लेकीकडे पाठवलेला तुमचा फराळ भाऊबीज उलटल्यावर पोहोचला, याबद्दल मनापासून माफी मागते. सणाचा डबा सणात पोहोचायला हवा, यात दुमत नाही.

पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, की कापूर, सेंट आणि पॉवर बँक आम्ही खोक्यातून चोरली, वर जादा पैसे उकळले, आणि ‘देवाचा कापूर म्हणजे काय बॉम्ब आहे का?’ असंही विचारलंत. याचं उत्तर आम्हाला सगळ्यांसमोरच द्यावं लागेल. डोंबिवलीतल्या आमच्या छोट्या दुकानाचं भाडं आणि कामावरच्या मुलांचे पगार दिवाळीच्या पार्सलांवर निघतात. नवं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी हे तारे बघतं.

आधी चोरीचं. तुमचा खोका मुंबईच्या कार्गोत एक्स-रेखाली गेला, तेव्हा साडीच्या घडीत गुंडाळलेली पॉवर बँक दिसली आणि तो नाकारला गेला. आम्हाला कळलं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला, उचलला गेला नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवलं. खोका परत दुकानात आला तरी तुमच्या परवानगीशिवाय त्याला ब्लेड लावलं नाही. ‘उघडा’ असा तुमचा निरोप तिसऱ्या दिवशी सकाळी आला. खोका उघडताना व्हिडिओ काढला, तो लगेच तुम्हाला पाठवला, त्यावर दोन निळ्या खुणाही दिसतात. दिवाळीच्या गर्दीत हे तीन दिवस गेले म्हणजे विमानातली जागा गेली, उशीर तिथे झाला. जादा पैसे घेतले ते फक्त दुसऱ्यांदा मुंबईला नेण्याचे. नवा खोका आणि पॅकिंग आम्ही आमच्या खर्चाने केलं, तुमच्या पावतीवर ते कुठेही लावलेलं नाही.

‘आम्हाला कोणी विचारलंच नाही,’ असंही तुम्ही म्हणता. हे फार लागलं. त्या संध्याकाळी शटर अर्धं खाली आलेलं असताना तुम्ही आलात, आणि फराळाचं पार्सल आहे म्हणून आम्ही थांबलो. खोका घरूनच चिकटपट्टी लावून आणला होता. उघडून बघू का म्हटलं, तर ‘लाडू फुटतील, माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणालात. बरोबरच्या पिशवीतल्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र आमच्या मुलाने बाजूला काढून तुमच्या हातात परत दिल्या. सुकं खोबरं तेलकट असतं, दाटीने भरलं की आपोआप तापू शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालाच्या वर्ग ४.२ मध्ये येतं, हेही त्याने समजावलं. चिवड्यातल्या तळलेल्या कापांना कोणाची हरकत नव्हती, ते गेले. विचारलंच नसतं, तर वाट्या परत कशा मिळाल्या असत्या? त्यानंतर बॅटरी, सेंट, कापूर, फटाके यातलं काही नाही, अशा फॉर्मवर तुम्ही सही केलीत.

आता कापराचं. तो पेटतो म्हणूनच आपण आरतीला लावतो. ज्वलनशील घन पदार्थ म्हणून त्याचा वर्ग ४.१ आहे. अशा प्रत्येक धोकादायक मालाला एक आंतरराष्ट्रीय ‘यूएन क्रमांक’ असतो, कृत्रिम कापराचा २७१७. तुमचा भीमसेनी शुद्ध, नैसर्गिक होता हे मान्य, पण भीमसेनी म्हणजे बोर्निऑल, त्यालाही यूएन १३१२ हा स्वतःचा क्रमांक आणि तोच वर्ग आहे. सेंटमध्ये अल्कोहोल असतं, ते वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव.

पॉवर बँकेबद्दल तुम्ही विचारलंय, की मी स्वतः विमानातून घेऊन गेले तेव्हा चालली, मग पार्सलमध्ये का नाही? प्रश्न रास्त आहे. प्रवाशाला ती हातातल्या सामानातच नेता येते, १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आणि नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. केबिनमध्ये धूर आला तर कर्मचारी धावून जातात. खाली मालाच्या कप्प्यात कोणी नसतं, आणि तिथला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण एका सेलपासून दुसऱ्या सेलला पोहोचणारी उष्णता थांबवू शकत नाही. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या (पॉवर बँकही त्यातच आली) प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक गेले.

आणि फॉर्मवरच्या सहीला आम्ही एवढं का जपतो? मे १९९६ मध्ये अमेरिकेत व्हॅल्यूजेटचं विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. कप्प्यात ऑक्सिजन तयार करणारी उपकरणं होती आणि कागदावर ती ‘रिकामी’ लिहिलेली होती. ती भरलेली होती. ताई, तुमच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण खोक्यात काय आहे ते खरं सांगणं पाठवणाऱ्याचं काम आहे, आणि त्या विमानात कोणाची तरी लेक बसलेली असते.

तुमचा अभिप्राय वाचून आमचा काउंटरवरचा मुलगा रडवेला झाला. त्याने त्या दिवशी जेवण सोडून तुमचा खोका पुन्हा बांधला होता, एक चकली मोडू दिली नाही.

न चालणाऱ्या वस्तूंचा मोठा मराठी फलक लावतो आहोत, घरून बंद करून आणलेले खोके घेण्याबाबतही काहीतरी ठरवू, आणि गर्दीच्या दिवसांत फोनसाठी आणखी माणूस ठेवता येतो का ते बघतो आहोत.

तारा एकच ठेवायचा तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. ‘चोर’ एवढा शब्द मात्र काढावा, ही हात जोडून विनंती. तुमची पॉवर बँक, सेंटची बाटली आणि कापराची डबी नाव लिहून कपाटात ठेवली आहे. पावती घेऊन रात्री ८ पर्यंत कधीही या. येणं जमत नसेल तर कळवा, मुलाला घरी पाठवते, त्याचे पैसे लागणार नाहीत.