आउश्वित्झची पाटी आणि ६० लाखांचा आकडा

एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय: पोलंडमधल्या आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीच्या जागी असलेल्या संग्रहालयाने तिथल्या मृतांचा आकडा ४० लाखांवरून ११ लाखांवर आणला, तरी ‘६० लाख ज्यू मारले गेले’ हे तसंच सांगितलं जातं, म्हणजे सगळाच बनाव.

४० लाखांचा आकडा असलेली तिथली पाटी बदलली, हे खरं. निष्कर्ष मात्र धादांत खोटा आहे. ४० लाख हा १९४५ च्या सोव्हिएत आयोगाचा अंदाज, प्रामुख्याने शवदाहिन्यांच्या क्षमतेवरून काढलेला. ६० लाखांची बेरीज त्यावर कधीच उभी नव्हती. इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी १९६१ मध्येच आउश्वित्झमधले ज्यू बळी सुमारे १० लाख धरले होते.

आकडा दुरुस्त केला तो संग्रहालयातल्याच संशोधकाने. फ्रान्सिशेक पीपर यांनी कोणत्या देशातून किती माणसं आगगाड्यांनी आणली गेली, याचा हिशेब लावला: आणलेले सुमारे १३ लाख, मेलेले ११ लाख. त्यात जवळपास १० लाख ज्यू. शिवाय पोलिश लोक, रोमा (जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैदी. जुन्या पाट्या १९९० मध्ये उतरल्या. चूक उघडपणे सुधारणाऱ्या संस्थेवरच लपवाछपवीचा आरोप व्हावा, याची चीड येते.

तिथे आजही काचेआड सुटकेसचा ढीग आहे. परत मिळतील या भरवशावर माणसांनी त्यांवर ठळक अक्षरांत नाव-गाव लिहिलेलं दिसतं. विद्यार्थ्यांना आकड्यासोबत हेही दाखवलं जातं.

उरलेले ज्यू बळी इतरत्र गेले: ट्रेब्लिंकासारख्या छावण्यांत, उपासमारीने घेट्टोंमध्ये (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांत) आणि सोव्हिएत प्रदेशांत गोळ्या घालून.