'मिरज'चं 'मरिज' करणाऱ्या सॉफ्टवेअरला शून्य गुण

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. परवाच्या मिरजेच्या लग्नाच्या ३२०० रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले कच्चे फोटो, आहेत, नव्वद-एक जीबी माल. त्यातले सहाशे फोटो निवडून रंगवून झालेत, सकाळी अल्बमवाल्याकडे पानं जायलाच हवीत, आणि नेमक्या या वेळी फोटो रंगवायचं, अल्बमची पानं मांडायचं माझं सॉफ्टवेअर स्क्रीनच्या मधोमध चौकट टाकून विचारतंय, 'आम्हाला तुमच्या मित्रांना सुचवाल का? ० ते १० पैकी गुण द्या.'

देतो की. थांब जरा.

अल्बमच्या पहिल्या पानावर मी 'मिरज' टाइप केलं आणि उमटलं 'मरिज'. 'चि.'ची वेलांटी च सोडून पुढच्या टिंबावर लोंबकळतेय. 'श्री'ची तर चिरफाडच: श, त्याच्या पायाशी मोडका हलन्त, मग र, मग वेलांटी, चौघं चार दिशांना. माझ्या स्टुडिओच्या नावातच 'श्री' आहे. म्हणजे वॉटरमार्क टाकायचा तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात स्वतःच्याच नावाचं पोस्टमॉर्टेम छापायचं!

हे काही रॉकेट उडवायचं काम नाही. कॉम्प्युटर 'मि' साठवताना आधी म आणि नंतर वेलांटी ठेवतो. दाखवताना ती वेलांटी उचलून म-च्या आधी बसवायची, जोडाक्षरं जोडायची, एवढंच. याला शेपिंग म्हणतात आणि ते करणारी तयार लायब्ररी, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरात जोडता येणारा तयार कोड, आहे, हार्फबझ नावाची. फुकट. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळे तीच वापरतात. म्हणून तर आमच्या पोऱ्याच्या तडा गेलेल्या मोबाइलवर 'मिरज' हे 'मिरज'च दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठीच्या जगभरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, देवनागरी १९९१ सालापासून आहे, पहिल्या आवृत्तीपासून! आणि दरमहा माझ्या कार्डावरून पैसे ओढणाऱ्या या सॉफ्टवेअरला अजून वेलांटी कुठं ठेवायची ते कळत नाही.

मागणी केली नाही असं नाही. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाठवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, स्क्रीनशॉट जोडून, काय दिसतंय आणि काय दिसायला हवं यावर लाल बाण काढून. उत्तर आलं: फॉन्ट बदलून पाहा. सात फॉन्ट बदलले. मग उत्तर आलं: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. टाकलं, त्यात माझे सगळे प्रीसेट, म्हणजे रंगांची जपून ठेवलेली सेटिंगं, उडाले. मग म्हणाले, ही चूक नाही, हे नवं फीचर मागताय तुम्ही, तेव्हा ते फीचरच्या यादीत घाला. घातलं. यादीत कळलं की ज्या मागणीला जास्त मतं तिचा आधी विचार. आता मी काय कराडच्या चौकात मांडव घालून सह्या गोळा करू? शेवटी एक दिवस मेल आला की बरेच दिवस हालचाल नसल्यामुळे तुमची मागणी बंद करण्यात येत आहे. हालचाल कोणी करायची होती, मी?

बरं, नवीन काही येतच नाही असंही नाही. परवाच्या अपडेटमध्ये काय आलं माहितेय? एका क्लिकमध्ये आकाश बदला. अरे बाबा, आमच्या मंगल कार्यालयाला पत्र्याचं छप्पर असतं. आकाश आणू कुठून?

आणि ते 'चेहरा सुधारा' बटण. त्याने नवरदेवाच्या आजीच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं. गुळगुळीत कपाळ. मीही घाईत होतो, लक्षात आलं नाही, चूक माझीही. पण फोन आला तो मलाच: "भाऊ, आमच्या आजीचं गोंदण कुठं गेलं?" काय सांगणार त्या माणसाला? आजी बारा वर्षांच्या असताना सुईनं टोचून घेतलेलं ते, सत्तर वर्षं टिकलं आणि इथं अर्ध्या सेकंदात गेलं. त्याचीही सूचना पाठवली, की निदान पुसण्याआधी विचारा. 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' हो, असेलच.

हळदीचं तर बोलायलाच नको. नवरी पिवळीधम्मक असते, असायलाच हवी. फोटोचे रंग आपोआप सुधारणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं कॅमेराच चुकला, म्हणून ते भसाभस निळा ओततं. नवरी हळदीची न दिसता काविळीतून उठल्यासारखी दिसते.

आता कोणीतरी म्हणणारच, एवढा त्रास आहे तर सोडून द्या ना. डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे, रॉ फोटो रंगवायची दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट. माहितेय. वापरूनही पाहिलीत, आणि त्या लोकांवर माझा काडीचा राग नाही, ते माझ्याकडून पैसे घेत नाहीत. अडचण वेगळीच आहे. रॉ फाइलला कुठलंच सॉफ्टवेअर हात लावत नाही. सेन्सरवर आलेला कच्चा उजेड तसाच राहतो, आणि मी केलेलं काम म्हणजे फक्त सूचनांची यादी: एक्स्पोजर इतकं वाढव, सावली इतकी उचल, लाल रंग असा फिरव. ती यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरला दिली तर फोटो कसा कापला ते कळतं, फार तर आणखी काही गोष्टी, पण रंग तेच येत नाहीत, कारण प्रत्येकाचं गणित निराळं. माझी नऊ वर्षांची लग्नं त्या यादीत अडकलीत. २०१८ च्या कुठल्यातरी जोडप्याचा उद्या फोन येतो की तोच फोटो पण मोठा करून द्या, बाळाच्या बारशाला लावायचाय. मग 'तोच' फोटो मी आणू कुठून? हे सॉफ्टवेअरवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच वेलांटीला चार वर्षं लागतात आणि भाडेवाढीचा मेल मात्र वेळेवर येतो.

म्हणून दर लग्नाला माझा जुगाड ठरलेला: नावं दुसऱ्या प्रोग्रामात लिहायची, मागची पट्टी पारदर्शक करून चित्र म्हणून सेव्ह करायची, ते चित्र परत इथं आणून पानावर ठेवायचं. एका अल्बमला असली वीस-बावीस चित्रं. नवरीच्या मामाने ऐनवेळी सांगितलं की 'कुलकर्णी'तला 'ल' सुटलाय, की पुन्हा पहिल्यापासून.

तर चौकट अजून समोर आहे. ० वर क्लिक केलं. खाली रिकामी जागा उघडली: 'कारण सांगा.' या वेळी इंग्रजी नाही, सरळ मराठीत लिहिलं: 'मिरज. चि. श्री.' आणि त्या जागेत, त्यांच्याच सॉफ्टवेअरने उघडलेल्या त्या खिडकीत, तिन्ही शब्द अगदी बरोब्बर उमटले. वेलांटी जागेवर, श्री सुबक. ती खिडकी आतून ब्राउझरची असते ना.

पाठवलं. आता 'मिरज'चं चित्र करायला घेतो.