बिल नको म्हणा, 18 टक्के वाचवा म्हणे!

साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचाय, घरून सत्तर हजारांपर्यंत परवानगी मिळालीय. ‘‘मावशी, काका म्हणतात ऑनलाइन काही घ्यायचं नाही, आणि दुकानातून घेताना बिल मागायचं नाही. तो मेसेज वाचलास ना?’’

वाचला होता. चार ग्रुपांवर आला होता. ‘ऑनलाइन पार्ट घेणाऱ्यांनो सावधान’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. एरवी असल्या गोष्टी मी वाचून सोडून देते. पण आता पोराचे पैसे जाणार होते. शिवाय मी वीस वर्षं लोकांचे हिशेब लिहितेय आणि 2017 पासून त्यांची जीएसटीची रिटर्नं भरतेय. त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यावर डोकं फिरलं. म्हणून क्रम मोडून आधी तोच घेते.

मेसेज म्हणतो: ‘दुकानदाराला बिल नको सांगा, 18 टक्के जीएसटी वाचतो. वॉरंटी सीरियल नंबरवर मिळते, बिलाची गरज नाही.’

कागद-पेन घ्या. धरा, दुकानदाराने एक प्रोसेसर डिस्ट्रिब्युटरकडून 20,000 रुपये अधिक 3,600 जीएसटी, म्हणजे 23,600 ला आणला. 800 रुपये नफा धरून तो तुम्हाला 20,800 ला विकतो. त्यावर जीएसटी 3,744, तुमचं पक्कं बिल 24,544 चं. या 3,744 मधले 3,600 तो खरेदीतच भरून बसलाय, ते वजा होतात. त्याने सरकारात नव्याने भरायचे किती? 144 रुपये. बिल न फाडता त्या बिचाऱ्याचा जीएसटी वाचतो तो एवढाच. आणि तुम्ही म्हणता, त्यातून तो तुम्हाला 3,744 ची सूट देणार! 20,800 ला प्रोसेसर दिला तर त्याला 2,800 चा खड्डा पडतो. दुकानदार एवढे दानशूर असते तर माझी नोकरी गेली असती.

मग कुठे कुठे बिलाशिवाय खरोखरच स्वस्त मिळतं, ते कसं? एक तर आधी भाव फुगवून मग ‘तुमच्यासाठी कमी केला’. किंवा माल वापरलेला, कुणीतरी परत केलेला, नाहीतर बिनबिलाचाच आत आलेला. तिसरा प्रकार आमच्या धंद्यातल्यांना चांगला माहीत आहे. माल तुम्हाला रोखीत द्यायचा आणि त्याचं बिल तिसऱ्याच कुणाला विकायचं. त्या तिसऱ्याला प्रोसेसर नकोच असतो, त्याला खर्च दाखवायचा असतो आणि जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, घ्यायचं असतं. तुमच्या टेबलावरचा प्रोसेसर कागदोपत्री भलत्याच कंपनीच्या ऑफिसात बसलेला असतो. वर्षभराने तो बंद पडला की वॉरंटी मागायला कोणाच्या नावाने जाणार?

सीरियल नंबरचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दिसतं. पण तुम्ही वस्तू कधी घेतली हे नंबराला ठाऊक नसतं, बिलाला असतं. दुकानात आठ महिने पडून राहिलेली डिस्क असेल तर ते आठ महिने कोणाचे, हा वाद बिलावाचून जिंकता येत नाही. हा शहाणपणा मीही एकदा केलाय. घरच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) कच्च्या चिठ्ठीवर आणला. चौथ्या महिन्यात जळका वास आला. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, ‘‘मॅडम, आमच्याकडूनच घेतलाय कशावरून?’’ हिशेब लिहिणाऱ्या बाईला हा प्रश्न! घरी आठवडाभर हसले सगळे.

आणि हे नुसतं माझं मत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 उघडा, कलम 2(47) वाचा. विकलेल्या वस्तूचं बिल किंवा पावती न देणं ही तिथे थेट ‘अनुचित व्यापार प्रथा’ म्हणून मोजलीय. त्याच्या पुढचंच पोटकलम दुकानातल्या त्या नेहमीच्या पाटीचं उत्तर आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहून सदोष मालातून सुटका होत नाही. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच. आता हा हक्क वापरायचा तर हातात काय लागतं? तेच, जे मेसेज घेऊ नका म्हणतो.

पहिला मुद्दा: ‘कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळा, बी ग्रेडचा माल बनवतात.’ ग्राफिक्स कार्डाच्या कारखान्यात साताऱ्याच्या दुकानाचा वेगळा पट्टा चालतो की काय? कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या (त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा). तिथलं प्राइमएबीजीबी दुकानातही विकतं आणि ऑनलाइनही. कोलकात्याचं एमडी कॉम्प्युटर्स तसंच. ज्या मांडणीवरचा खोका गिऱ्हाइकाच्या हातात जातो, त्याच मांडणीवरचा कुरिअरच्या पिशवीत जातो. दुकान आणि ऑनलाइन या दोन जाती नाहीतच. बघायचं ते खोक्यावरचं स्टिकर: आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी. बाहेरून आलेल्या मालावर हे छापणं बंधनकारक आहे. स्टिकर नसेल तर दुकानातला असो वा ऑनलाइनचा, तो खोका खाली ठेवा.

पण मेसेजमध्ये नसलेली एक भीती खरी आहे. मोठ्या संकेतस्थळांवर विकणारे हजारो लोक वेगवेगळे असतात आणि त्यांत भामटेही असतात. हजार-दीड हजारात ‘16 टीबी एसएसडी’, म्हणजे प्रचंड साठवणीची डिस्क, दिसली की समजा, आत एखादं लहानसं मेमरी कार्ड असणार आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगणारी करामत. एच2टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी डिस्क काठोकाठ भरून परत वाचतं आणि थाप उघडी पाडतं. मात्र फूटपाथवरच्या पेन ड्राइव्हच्या टोपलीतही हेच चालतं, ते मेसेजवाल्याला दिसत नाही.

दुसरा मुद्दा: ‘दुकानदार समोर चालवून दाखवतो.’ हो. हा मुद्दा मी निमूटपणे देऊन टाकते, विशेषतः मदरबोर्डसाठी. इंटेल प्रोसेसरच्या आणि आता एएमडी प्रोसेसरच्या एएम5 बोर्डांवरही सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेत, केसाएवढ्या बारीक पिना असतात. एक वाकली की विक्रेता म्हणतो तुम्ही वाकवली, तुम्ही म्हणता आलीच तशी. दुकानात सील समोर फोडलं, सॉकेट बघितला, की वाद संपला. ऑनलाइन मागवलं तर खोका उघडताना न थांबता मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, एवढाच उपाय. पण समोर चालवून दाखवणाऱ्याला हेही विचारा, प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की ट्रेमधला सुटा? सुट्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेल थेट देत नाही, जिथून घेतला त्याच्याकडे जा म्हणते. म्हणजे पुन्हा बिलच.

चौथा मुद्दा: ‘दुकानदाराला धरता येतं, ऑनलाइनवाल्याला कुठे शोधणार?’ शोधायचं नाही. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

पाचवा मुद्दा, ‘दुकानात विंडोज आणि ऑफिस फुकट टाकून देतात.’ चोरीचं टाकून देतात, असं लिहा. ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवतात, हेही लिहा.

भाच्याला मी म्हटलं, तुझ्या त्या साताऱ्याच्या दुकानातूनच घे, माझं काही म्हणणं नाही. रॅमचे भाव 2025 च्या शेवटापासून असे उधळलेत की सकाळचं कोटेशन संध्याकाळी टिकत नाही, तेव्हा दोन्हीकडचे भाव एकाच तासात विचार. त्याने विचारले. पक्क्या बिलासकट दुकानाचा आकडा ऑनलाइनपेक्षा अकराशेने जास्त निघाला. जोडणी आणि बोर्ड समोर तपासणं त्यात धरलं तर मला तो महाग वाटला नाही. मग त्याने काकांच्या सांगण्याप्रमाणे बिनबिलाचा भावही विचारला. दुकानदार म्हणाला, ‘‘दोनशे कमी करीन.’’

दोनशे! 70,000 च्या मशिनवर. बिल भाच्याच्या नावाने घेतलंय, प्रत्येक पार्टापुढे सीरियल नंबर लिहून. दुकानदार थोडा कुरकुरला, पण लिहिले. बिलाचा फोटो मी काकांच्या ग्रुपवर टाकलाय. अजून कोणी काही बोललेलं नाही.