शण, हेम्प आणि मधला हरवलेला 'ब' : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : संस्कृत 'शत' म्हणजे इंग्रजी 'हंड्रेड', 'श्वन्' म्हणजे 'हाउंड', मग 'शण' (ताग) आणि 'हेम्प' (भांगेचं झाड) हेही सख्खे भाऊच, म्हणजे एकाच मुळातून आलेले, आणि 'हेम्प' उसना शब्द आहे हे माझं म्हणणं चूक.

श-ह ही जोडी तुम्ही अचूक धरलीत. पण पहिल्या अक्षरावर व्युत्पत्ती ठरत नाही, सगळी व्यंजनं जुळावी लागतात. आणि तीही आजच्या रूपांची नव्हे, सर्वांत जुन्या रूपांची. जुन्या इंग्रजीत 'हॅनेप', डचमध्ये 'हेनेप', जुन्या उच्च जर्मनमध्ये (म्हणजे दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये) 'हनफ'. (इंग्रजीत पुढे मधला स्वर गळला, न शेजारच्या प मुळे म झाला.) या सगळ्यांमागे 'हनप-' असं रूप निघतं. ते ग्रीक 'कन्नबिस'शेजारी ठेवा : क चा ह, ब चा प. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार (जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-डच-जर्मन यांच्या कुळात जुनी व्यंजनं ठरावीक पद्धतीने बदलली) दोन्ही व्यंजनं सरकलीत. जर्मनमधला फ हा नंतरचा, फक्त उच्च जर्मनमध्ये झालेला बदल. म्हणून डचमध्ये प टिकला.

आता 'शण'मध्ये हा ब किंवा प दाखवा. नाहीच. तो प्रत्ययातून आला म्हणाल, तर मूळ इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या आद्य भाषेत) ब इतका दुर्मीळ आहे की तो वारशाने आला असं मानणं अवघड जातं. त्यामुळे ग्रीक आणि जर्मानिक दोघांनीही हा शब्द तिसऱ्याकडून उचलला, असं मानतात. बोट बहुधा सिथियनांकडे, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या लोकांकडे, दाखवलं जातं. इ.स.पू. ५व्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने या झाडाचं वर्णन त्यांच्याच प्रकरणात केलंय. तापलेल्या दगडांवर बी टाकून ते वाफ घेत.

'उसना शब्द असेल तर त्याला ग्रिमचा नियम कसा लागेल?' हा तुमचा दुसरा मुद्दा जास्त चांगला आहे. बदल घडताना जो शब्द भाषेत असतो तो सरकतो, मग तो घरचा असो की उसना. उशिरा आलेला सुटतो. 'कॅनव्हास' याच 'कन्नबिस'चा वंशज, पण लॅटिन-फ्रेंचमार्गे मध्ययुगात इंग्रजीत आला, आणि त्याचा क शाबूत आहे. म्हणजे 'हेम्प' जर्मानिकमध्ये त्याच्या कितीतरी आधी, इसवीसनापूर्वीच शिरलेला असणार.

राहिला तुमच्या कोशातला 'शण = हेम्प' हा अर्थ. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग, म्हणजेच सण किंवा शण, शेंगवर्गीय आहे. हेम्प म्हणजे भांगेचं झाड. इंग्रजांनी दोर वळता येईल अशा बहुतेक झाडांना 'हेम्प' चिकटवलं : ताग 'सनहेम्प' झाला, अंबाडी 'डेक्कन हेम्प', आणि फिलिपीन्समधलं केळीच्या कुळातलं आबाका चक्क 'मनिला हेम्प'! रोपांची नावं ताडून पाहताना कोशातल्या अर्थाआधी शास्त्रीय नाव बघा. तागाचं 'क्रोटॅलारिया जुन्सिया' आहे, भांगेचं 'कॅनाबिस सॅटिव्हा'.