खिडकीत येणाऱ्या रानपोपटाला हातावर बसवण्याची घाई कशासाठी?

खिडकीत येणाऱ्या रानपोपटाशी मैत्री कशी करावी, हे सांगणारा एक मजकूर लोक एकमेकांना पाठवत असतात. त्याचा आशय असा: पोपट रोज येऊ लागला म्हणजे त्याचा आपल्यावर जीव जडला, त्याला दुधात भिजवलेला पाव आणि मिरची हातातून द्यावी, म्हणजे १५ दिवसांत तो हातावर बसतो, मिरचीमुळे बोलूही लागतो, आणि वेळीच पंखांची टोके कापली नाहीत, तर तो आपल्याला विसरून निघून जातो. हे लिहिणाऱ्याचा हेतू प्रेमाचाच असावा, परंतु यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पोपटाच्या जिवावर बेतू शकतो.

रोज येणारा पोपट आपल्यासाठी येतो, हा पहिला दावा. तो येतो दाण्यापाण्यासाठी आणि जागा निर्धोक वाटते म्हणून. शिवाय रोज येणारा ‘आपला’ पोपट एकच आहे, हेही गृहीत धरू नये. गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ फक्त नराला येतो आणि तोही साधारण तिसऱ्या वर्षी; तोवर तरुण नर आणि माद्या सारख्याच दिसतात. चोचीवरचा एखादा टवका, तुटलेले शेपटीचे पीस किंवा बसण्याची ठरलेली जागा अशा खुणा काही आठवडे टिपल्या, तरच एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येते. पोपट मात्र माणसे ओळखायला शिकतात, हे खरे आहे. कोणता माणूस आपल्या वाटेला जात नाही, हे त्यांच्या लक्षात राहते आणि रानपक्ष्याशी होणाऱ्या मैत्रीचा पाया माझ्या मते हाच आहे.

दुसरा दावा १५ दिवसांचा, आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, कारण त्याला चहूकडून येणाऱ्या शिकाऱ्यावर नजर ठेवायची असते. समोरून दोन डोळे रोखून पाहणारा प्राणी त्याच्या दृष्टीने शिकारीच असतो. म्हणून त्याच्याकडे टक लावून हात पुढे करणे, हा मैत्रीचा सर्वांत वाईट आरंभ होय. दाण्याचे ताट ठेवून आपण लांब, अंग वळवून, रोज त्याच वेळी शांत बसावे. पिसे अंगाला घट्ट चिकटवून आणि मान ताणून तो उभा राहिला, तर तो घाबरलेला आहे, असे समजून मागे सरावे. पिसे सैल सोडून एका पायावर उभा राहिला, तर तो निवांत आहे. डोळ्याची बाहुली झरझर लहानमोठी होणे हे केवळ उत्तेजित झाल्याचे लक्षण आहे. ती उत्तेजना आनंदाची, भीतीची किंवा रागाचीही असू शकते. मी खिडकीच्या आत बसलेलो असताना बाहेरच्या कठड्यावर पोपटाने निर्धास्त खावे, एवढ्यासाठी मला काही महिने लागले, आणि त्यापुढे जाण्याची मला गरजही वाटली नाही. एका हाताची भीती गेलेला पक्षी पकडायला आलेल्या दुसऱ्या हातालाही भीत नाही. अनोळखी पोपट पहिल्याच दिवशी हातावर येऊन बसला, तर तो बहुधा कुणाचा तरी सुटलेला पाळीव पोपट असतो किंवा आजारी असतो. त्याच्या पायात कडे आहे का, ते पाहावे आणि पक्षी जाणणाऱ्या पशुवैद्याला कळवावे.

खाण्याविषयीचा सल्लाही चुकीचा आहे. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्यांच्या पोटात नसते, आणि पावाने पोट भरले तरी पोषण होत नाही. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कॉफी, कांदा आणि खारट पदार्थ पोपटाला घातक आहेत. नुसते सूर्यफुलाचे दाणेही योग्य नव्हेत, कारण त्यांत चरबी भरपूर आणि ‘अ’ जीवनसत्त्व नगण्य असते. मूठभर मिश्र धान्य, फळाच्या फोडी आणि स्वच्छ पाणी पुरे. बाकीचे अन्न त्याने रानातच शोधावे. मिरची त्याला अपाय करत नाही, कारण तिखटाची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. पण तिने वाचाही फुटत नाही. पोपट थव्यातल्या साथीदारांचे आवाज ऐकून शिकतो, आणि माणसाचे शब्द बहुधा तोच पोपट उचलतो, ज्याला थवा उरलेला नसतो.

पंख कापणे ही तर क्रूरता आहे. पूर्ण वाढलेले पीस कापताना दुखत नाही, एवढे खरे. परंतु वाढत्या पिसात रक्त असते आणि ते कापले गेल्यास रक्तस्राव होतो. कापलेली पिसे झडून नवी येईपर्यंत कित्येक महिने जातात. तेवढ्या काळात मांजर, कावळा किंवा शिक्रा आला, तर पोपटाला उडून जाता येत नाही.

मजकुरात रोगांचा उल्लेखच नाही. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटॅकोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापारामुळे त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. प्रतिजैविकांनी तो बरा होतो, तरी ताट आणि कठडा रोज ओल्या फडक्याने पुसावा, कोरडे झाडू नये आणि नंतर हात धुवावेत. एकाच ताटावर गर्दी झाली की पोपटांचे आपसांतले रोगही पसरतात.

राहिला तो ‘विसरून निघून जातो’ हा दावा. विणीच्या हंगामात मादी झाडाच्या ढोलीत सुमारे २३ दिवस अंडी उबवते, नर तिला भरवतो, आणि पिल्ले उडायला लागेपर्यंत आणखी ६ ते ७ आठवडे जातात. या काळात खिडकीवरच्या फेऱ्या कमी होणे किंवा थांबणे स्वाभाविक आहे. पुढे कधी जुना पोपट आखूड शेपटीच्या, कंठ नसलेल्या पिल्लांना घेऊन आला, तर ती पिल्ले आधी लांबच्या फांदीवर बसून त्याला खाताना पाहतात. ताट होते तिथेच असू द्यावे आणि आपणही नेहमीच्या जागी बसावे.